घाटावरची बुळबुळ

पावसाळ्यात तापीचे पाणी गढूळ असते. गाळ आणि वाळू वाहून नेणारा तो प्रवाह प्रकाशाच्या घाटाच्या पायऱ्या घासून काढतो. दिवाळी झाली की पाणी निवळते, ऊन तळापर्यंत पोहोचते, आणि थोड्याच दिवसांत पाण्याखालच्या पायरीवर पाय ठरेनासा होतो. पायरीवर पिवळट-तपकिरी रंगाचा, बोटाला साबणासारखा लागणारा थर बसतो. आपण त्याला शेवाळ म्हणतो, बुळबुळ म्हणतो, आणि म्हाताऱ्या माणसाला हात देऊन खाली उतरवतो. हा थर नेमका कशाचा, तो कोण बांधतो, आणि आपला त्याच्याशी घसरून पडण्यापलीकडे काही संबंध आहे काय, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

या विषयाचे बरेचसे संशोधन समुद्रावर झालेले आहे. नंदुरबारच्या श्रोत्यांपुढे समुद्रातील जंतूंची कथा कशाला, असे कोणी विचारील. परंतु तापी येथून पुढे उकाईच्या जलाशयात जाते व सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. पाणी गोडे असो वा खारे, त्यात बुडालेल्या दगडावर जे घडते त्याची रीत बहुतांशी एकच आहे. त्यातली पात्रे तेवढी बदलतात.

प्रथम त्या थराकडेच पाहू. पायरीवरचा चिकटा नखाने खरवडून, पाण्याच्या थेंबात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर हिरव्या तंतूंपेक्षा जास्त नजरेत भरतात ती होडीच्या, काडीच्या, चकतीच्या आकाराची सोनेरी-तपकिरी पात्रे. ही एकपेशीय शैवले होत. इंग्रजीत त्यांना डायाटम म्हणतात. मराठी विश्वकोशाने त्यांना 'करंडक वनस्पती' असे मोठे सुरेख नाव दिले आहे, कारण प्रत्येक पेशीभोवती सिलिकेचे, म्हणजे ज्या द्रव्याची वाळू व काच बनते त्याचे, कवच असते, आणि ते कवच कुंकवाच्या करंड्याप्रमाणे डबी व झाकण अशा दोन भागांचे असते. दगडावर राहणारे सामान्य करंडक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असतात. पृथ्वीवर प्रकाशाच्या साह्याने जेवढे अन्न तयार होते त्याचा सुमारे एक पंचमांश भाग हे करंडक तयार करतात. आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली नायट्रोग्लिसरीन ज्या मातीत जिरवून डायनामाइट केले ती मातीही प्राचीन करंडकांच्या कवचांचीच होती. इतक्या क्षुल्लक दिसणाऱ्या जिवाने बोगदेही खोदून दिले म्हणावयाचे!

परंतु करंडक या थराचे पहिले रहिवासी नव्हेत. स्वच्छ काच पाण्यात सोडली की पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये तिच्यावर चढतात. हा लेप डोळ्याला दिसत नाही. त्यावर काही तासांत जिवाणू येऊन बसतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याएवढे, करंडकाहूनही लहान असे जंतू. करंडकांची दाटी त्यांच्यामागून होते, आणि समुद्रात त्याही नंतर मोठ्या शैवलांचे बीजाणू व शंखधारी प्राण्यांची पिले येतात. खरे तर हा क्रम इतका काटेकोर नसतो, एखादा करंडक पहिल्या दिवशीही येऊन चिकटतो. पण वस्ती कशी वाढते याची कल्पना यावरून येईल.

जंतू पाण्यात राहतात असे आपण म्हणतो. वास्तविक ते पाण्यातल्या वस्तूंवर राहतात. ही गोष्ट अमेरिकेत आर्थर हेन्रिची यांनी तळ्यात काचेच्या पट्ट्या बुडवून ठेवून १९३३ साली दाखविली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर क्लॉड झोबेल यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. समुद्राचे पाणी बाटलीत भरून ठेवले की त्यातील जंतू भराभर वाढत, आणि बाटली जितकी लहान तितकी ही वाढ अधिक. बाटली लहान असली म्हणजे पाण्याच्या मानाने काचेचा पृष्ठभाग जास्त असतो, हे लक्षात घेतले की कोडे सुटते. समुद्राच्या पाण्यात अन्न इतके विरळ असते की सुट्या जंतूला ते मिळणे कठीण. तेच अन्न काचेवर साठते, आणि जंतू तेथे जाऊन बसतो. झोबेल यांनी १९३५ साली असेही मांडले की, बुडालेल्या वस्तूंवर पुढे जी मोठी घाण साचते तिला हा जंतूंचा चिकटा वाट करून देतो. ही वस्ती जंतू स्वतःच्या अंगातून पाझरलेल्या साखरी द्रव्यांच्या गिलाव्यात बांधतात. शास्त्रज्ञ तिला बायोफिल्म, मराठीत जैवपटल, म्हणतात. आम्ही मात्र येथे बुळबुळ हा आपला घरचा शब्दच वापरू, कारण तो हाताला लागतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. बुळबुळीचा मोठा भाग करंडकांचा, आणि करंडक स्वतः चिकट द्रव्य पाझरू शकतात. त्यावरूनच ते दगडावर सरकतात. मग त्यांना जंतूंची गरज काय? की जंतू हे केवळ आयत्या बिळावरचे नागोबा?

याचे उत्तर काढण्यासाठी करंडक जंतूंपासून वेगळे करावे लागतात, आणि हे काम दिसते तितके सोपे नाही. प्रत्येक करंडकाच्या कवचावर व त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या कवडशात जंतूंचा गोतावळा असतो. वेन बेल आणि राल्फ मिचेल या दोघांनी १९७२ साली या कवडशाला स्वतंत्र नावच दिले. रोपाच्या मुळाभोवतीची माती जशी इतर मातीहून निराळी, तसे शैवलाभोवतीचे पाणी इतर पाण्याहून निराळे, असा त्यांचा मुद्दा होता. करंडक धुवावे, प्रतिजैविके घालावी, पुन्हा धुवावे, आणि तरीही कोठेतरी एखादा जंतू उरतो. उरला नाही तर पुष्कळदा करंडकच मरतो. यात प्रयोग करणाऱ्याच्या धीराचीच परीक्षा होते.

जर्मनीतील कॉन्स्टान्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तेथील सरोवराच्या दगडांवरून अॅक्नॅन्थीडियम मिन्युटिसिमम नावाचा एक लहानसा करंडक घेतला आणि तो संपूर्ण निर्जंतुक करण्यात यश मिळविले. हा करंडक जगभर गोड्या पाण्यात दगडांवर सापडतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग आम्हांला या सर्व शाखेतील सर्वांत बोलका वाटतो, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो.

एका पात्रात जंतूंसह करंडक ठेवले. त्यांनी आपल्याभोवती घट्ट साखरी वेष्टन तयार केले, ते एकमेकांना चिकटले, पात्राच्या तळाला चिकटले आणि नेहमीसारखी बुळबुळ झाली. दुसऱ्या पात्रात तेच करंडक, पण निर्जंतुक. ते जगले, वाढले, पण वेष्टन झाले नाही. सारे करंडक पाण्यात सुटे तरंगत राहिले. बुळबुळ मुळीच झाली नाही. मग हे निर्जंतुक करंडक साखर बनवीत नव्हते काय? बनवीत होते, आणि भरपूर बनवीत होते. परंतु ती सारी पाण्यात विरघळणारी होती व वाहून जात होती. जंतू सोबत असता तीच शक्ती न विरघळणाऱ्या, घट्ट द्रव्यात खर्च होई. ऊस एकच, एकाकडे रसच सांडत राहिला, दुसऱ्याकडे गुळाची ढेप बसली, असा हा फरक होता.

येथपर्यंत कोणी म्हणेल की जंतू स्वतःच गोंद पुरवीत असतील. म्हणून त्यांनी आणखी एक पायरी पुढे टाकली. जंतू वेगळ्या पात्रात वाढविले, मग ते काढून टाकून नुसते उरलेले पाणी निर्जंतुक करंडकांत घातले. करंडकांनी वेष्टन बांधावयास सुरुवात केली! म्हणजे जंतूचे शरीर नव्हे, तर त्याने पाण्यात सोडलेले कसले तरी द्रव्य करंडकाला 'घर बांध' असा इशारा देते. वीट करंडकाची, मजुरी करंडकाची, पण कामाचा हुकूम जंतूचा.

समुद्रातही असेच आढळते. थॅलॅसिओसिरा नावाचा तरंगणारा करंडक आणि मॅरिनोबॅक्टर जातीचा एक जंतू यांवरील २०११ सालच्या प्रयोगात दिसले की, तो जंतू असला तरच करंडकांचे पुंजके जमतात. जंतू नसला तर ते सुटे राहतात. हे पुंजके जड होऊन कापसाच्या पेळूसारखे खोल समुद्रात उतरत जातात आणि हवेतून घेतलेला कर्ब तळाशी नेऊन पुरतात. घाटावर आपला पाय घसरविणारी गोष्ट तेथे साऱ्या पृथ्वीच्या हवेचा हिशेब सांभाळते.

जंतूला यात काय मिळते हे उघड आहे. करंडक उन्हावर साखर करतो आणि त्याच्या अंगाबाहेर ती झिरपते. जंतू ती खातो. करंडकाला काय मिळते? एक तर जीवनसत्त्व. बी-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती अथवा प्राणी स्वतः बनवू शकत नाही, ते सूक्ष्मजंतूंकडूनच यावे लागते. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली शैवलांच्या ३२६ जातींची माहिती गोळा केली, तेव्हा त्यांपैकी १७१ जातींना हे जीवनसत्त्व बाहेरून लागते असे दिसले. आपल्यातील शाकाहारी मंडळींना डॉक्टर ज्या बी-१२ च्या सुया सांगतात, त्याचाच हा शैवलांतला प्रकार. दुसरे म्हणजे वाढीचे औषध. सिअॅटल येथे २०१५ साली असे आढळले की, सल्फिटोबॅक्टर नावाचा एक सागरी जंतू करंडकाने दिलेल्या ट्रिप्टोफॅन या द्रव्यापासून ऑक्झिन बनवितो आणि ते करंडकाला परत देतो. त्याने करंडकाच्या पेशी लवकर विभागू लागतात. कलमांना मुळे फुटावीत म्हणून आपले बागायतदार जी पूड लावतात ती याच कुळातल्या द्रव्याची असते.

मात्र या संसाराचे फार गोडवे गाऊ नयेत. करंडकाची वाढ रोखणारे, त्याला फोडून खाणारे जंतूही त्याच पाण्यात आहेत. एकच थर आज सहकारी सोसायटी असतो आणि उद्या भाऊबंदकी. कोणता जंतू आहे, अन्न किती आहे, ऊन किती आहे यांवर ते ठरते.

जंतूंचा आपापसांतील एक रिवाजही येथे सांगितला पाहिजे. पुष्कळ जंतू एक विशिष्ट द्रव्य थोडेथोडे पाझरत असतात. वस्ती विरळ असता ते पाण्यात हरवते. दाटी झाली की साठते, आणि मग सारे जंतू एकदम वागणूक बदलतात. सभेची गणपूर्ती झाल्याखेरीज ठराव होत नाही, तसे हे आहे. (आमच्या मंडळांच्या वार्षिक सभांपेक्षा जंतूंची गणपूर्ती लवकर होते, हे कबूल केले पाहिजे.) गंमत अशी की, हा त्यांचा खाजगी इशारा इतरही ऐकतात. इंग्लंडमधील प्लिमथच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखविले की, किनाऱ्यावरच्या एका हिरव्या शैवलाचे पोहणारे बीजाणू याच द्रव्याचा माग काढून जंतूंची दाट वस्ती असलेल्या जागी येऊन बसतात. जेथे जुने गाव वसलेले आहे तेथे पाणी असणारच, असा व्यापाऱ्यांच्या तांड्याने अंदाज बांधावा तसेच ते!

आपल्या जवळचे या विषयाचे मोठे केंद्र म्हणजे गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. जहाजांच्या बुडावर, पाण्यातल्या खांबांवर जे काही चिकटते त्याचा अभ्यास तेथे वर्षानुवर्षे चालू आहे. प्रिया डिकॉस्टा आणि ए. सी. अनिल यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या कामात करंडकांच्या वस्त्यांना प्रतिजैविके दिली, आणि जंतू कमी झाल्यावर त्या वस्तीत कोणत्या जाती पुढे येतात व कोणत्या मागे पडतात हे पाहिले. एकट्या करंडकाचा प्रयोग निराळा आणि समुद्रातील मिश्र वस्तीचा निराळा. या दुसऱ्या प्रकारचे काम आपल्याच किनाऱ्यावर झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. त्याच संस्थेत बार्नेकल या दगडासारख्या कवचाच्या प्राण्याची पिले कोणत्या थरावर बसणे पसंत करतात हेही तपासले गेले आहे. करंडकांच्या व जंतूंच्या थराचा या निवडीवर परिणाम होतो.

यात पैशाचा प्रश्न फार मोठा आहे. जहाजाच्या बुडाला नुसती बुळबुळ असली, एकही शिंपला नसला, तरी त्याच वेगाने जाण्यास दहा ते वीस टक्के अधिक शक्ती लागू शकते. म्हणून बुडाला विषारी रंग लावीत. त्यांपैकी कथिलयुक्त टीबीटी रंग इतके जालीम निघाले की फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीतील कालवांची शेती बुडाली; तेथे १९८२ साली लहान होड्यांवर त्यांना बंदी आली, आणि पुढे २००१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो २००८ पासून अमलात आला, जगभरच्या जहाजांवरून ते काढून टाकण्यात आले. थराला मारण्यासाठी समुद्रालाच मारण्याचा हा प्रकार होता. जंतू आणि करंडक यांच्यातला इशारा जर ओळखता आला, तर विष न घालता केवळ तो इशारा बंद पाडता येईल काय, या आशेवर आज पुष्कळ प्रयोगशाळा काम करीत आहेत.

आता उलट बाजू. हाच थर माणसाचे प्राणही वाचवितो. वाळूच्या संथ गाळणीतून पाणी शुद्ध करण्याची पद्धत जेम्स सिंप्सन यांनी १८२९ साली लंडनमध्ये चालू केली. वाळू कचरा अडविते एवढेच तेव्हा ठाऊक होते. खरे काम करते ती वाळूच्या वरच्या बोटभर भागात धरणारी साय, म्हणजे जंतू, करंडक आणि त्यांना खाणारे सूक्ष्म प्राणी यांची आपली तीच बुळबुळ. रोगजंतू तिच्यात अडकतात, खाल्ले जातात. १८९२ साली जर्मनीत हँबर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे मेली. शेजारचे आल्टोना गाव नदीच्या खालच्या अंगाला होते. हँबर्गची घाण घेऊन येणारे पाणीच ते पीत होते. तरी आल्टोना जवळजवळ वाचले, कारण ते पाणी वाळूतून गाळून घेत होते आणि हँबर्ग तसेच पीत होते. दोन्ही गावांच्या सीमेवरच्या रस्त्यात एका बाजूस पटकी आणि दुसऱ्या बाजूस नाही, असे दृश्य होते. अशा गाळणीची साय खरवडून काढली की नवी साय पिकेपर्यंत काही दिवस त्या पाण्याचा भरवसा धरीत नाहीत. ज्या गावाला विजेचा व औषधांचा पुरवठा बेभरवशाचा आहे तेथे ही जुनी गाळणी अजूनही विचारात घेण्यासारखी आहे, असे आमचे मत आहे.

म्हणून घरची टाकीही चांगली, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. गाळणीत पाणी सायीतून संथपणे खाली झिरपते व साय राखली जाते. टाकीच्या भिंतीवरचा थर मात्र केव्हाही सुटून हंड्यात येतो, आणि त्याच्या साखरी गिलाव्याआड बसलेले जंतू क्लोरिनला सहज दाद देत नाहीत. टाकीला झाकण घातले की ऊन बंद होऊन हिरवे-तपकिरी शैवल थांबते, पण जंतूंना उन्हाची गरज नाही. त्यांचा थर अंधारातही धरतो. तेव्हा औषध टाकण्यापूर्वी टाकी रिकामी करून भिंती ब्रशने घासाव्या, ते पाणी सोडून द्यावे, आणि मग औषध टाकावे. न घासता दुप्पट औषध टाकणे म्हणजे दाराबाहेरून हाका मारण्यासारखे आहे.

राहिली आपली नदी. तापीवर सारंगखेडा व प्रकाशा येथे बंधारे झाले. जेथे पाणी खडकांवरून वाहत होते तेथे ते आता उभे राहते. उथळ, वाहत्या पाण्यातल्या दगडावरचा हा थर म्हणजे नदीचे कुरण आहे. त्यावर किडे चरतात, गोगलगायी चरतात, दगड चाटणारे मासे चरतात, आणि त्यांवर मोठे मासे जगतात. सांडपाणी व साबण मिसळले की या कुरणातील जाती पालटतात, म्हणून दगडावरचे करंडक मोजून नदीची प्रकृती ओळखण्याची रीत अनेक देशांत पडली आहे. त्यासाठी फार भांडवल लागत नाही. एक दात घासण्याचा ब्रश, एक बाटली आणि महाविद्यालयातील सूक्ष्मदर्शक पुरतो. आपल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत दर महिन्याला घाटावरचा व बंधाऱ्याच्या खालचा एकेक दगड खरवडून नोंद ठेवली, तर ती नोंद नदीच्या खूप कामाची होईल.

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदेचे रूप तर याहून बदलले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली. त्या गावांचे दुःख हा स्वतंत्र विषय आहे आणि तो आमच्या विषयाहून फार मोठा आहे. येथे सांगावयाचे ते इतकेच की, नदी वाहती असता ज्या खडकांवर ऊन पोहोचत होते आणि मासे चरत होते, त्यांतील पुष्कळ खडक आता उजेड पोहोचत नाही इतक्या खोल गेले आहेत. तेथे जंतू राहतील, करंडक राहणार नाहीत. नवा थर धरतो तो जलाशयाच्या काठाकाठाने. आणि वर्षातून पाणी खाली उतरते तेव्हा तोही उघडा पडून उन्हात वाळतो, पापुद्रे धरतो, आणि पुढच्या भरतीला पुन्हा पहिल्या जंतूपासून सुरुवात होते.